देवबलोदा ते खल्लारी : रायपूर परिसरातील लहान मध्ययुगीन देवळे

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर वसलेली भनपुरी आज लाकडाच्या वखारी, आरागिरण्या, गोदामे आणि लहानमोठे कारखाने यांसाठी ओळखली जाते. तिच्यापुढे उरला व सिलतरा या औद्योगिक वसाहती लागत असल्याने या बाजूने शहरात शिरणाऱ्याच्या मनात मध्ययुगाचा विचार सहसा येत नाही. तथापि भनपुरी हा मध्य धरून दिवसभरात जाऊन येता येईल एवढ्या अंतराचे वर्तुळ आखले, तर त्यात सिरपूर, राजिम आणि आरंग ही ख्यातनाम क्षेत्रे तर येतातच, शिवाय ज्यांची नोंद मोठ्या ग्रंथांत एखाद्या परिच्छेदापुरती होते, अशी कितीतरी लहान देवळेही येतात. नैऋत्येस खारून नदीच्या काठी हाटकेश्वर महादेव, पश्चिमेस भिलाईच्या वाटेवर देवबलोदा येथील शिवमंदिर आणि आग्नेयेस महासमुंद जिल्ह्यातील खल्लारी येथील नारायणाचे देऊळ ही त्यांतील तीन प्रमुख उदाहरणे होत. या तिन्ही वास्तूंची रचना, त्यांचे कर्ते आणि त्यांच्या भोवतालचा समाज हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

लहान देवळांचा स्वतंत्र विचार का करावा, हा प्रश्न येथे रास्त ठरतो. छत्तीसगडच्या स्थापत्याचा इतिहास सांगताना सिरपूरच्या लक्ष्मण मंदिरापासून आरंभ करण्याची प्रथा आहे आणि ती योग्यही आहे, कारण पांडुवंशी राजा महाशिवगुप्त बालार्जुन याची आई वासटा हिने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ सातव्या शतकाच्या सुमारास उभारलेले हे विटांचे विष्णुमंदिर भारतातील विटांच्या बांधकामाचा एक उत्कृष्ट नमुना मानले जाते. त्यानंतर राजिमचे राजीवलोचन, आरंगचे भांड देवल हे जैन मंदिर आणि कवर्ध्याजवळचे भोरमदेव असा मुक्काम करीत अभ्यासक थेट आधुनिक काळात येतो. या वाटेवर राजघराणी दिसतात, शैलींची नावे दिसतात. परंतु एखाद्या वस्तीने स्वतःच्या नित्यपूजेसाठी, स्वतःच्या ऐपतीने आणि जवळच्या खाणीतल्या दगडाने उभारलेले देऊळ दिसत नाही. सामान्य माणसाचा मध्ययुगाशी जो संबंध होता, तो मात्र प्रामुख्याने अशाच देवळाशी होता.

युरोपातील अभ्यासकांनी ही उणीव फार पूर्वी ओळखली. तेथे पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली येणारी वस्ती, आणि त्या वस्तीचे चर्च कितीही लहान असले तरी त्याच्या भिंतीत कोणत्या शतकाचा दगड आहे, खिडकी केव्हा रुंद केली आणि घंटेचा मनोरा कोणाच्या देणगीतून उभा राहिला, हे गावोगावी नोंदले गेले. इंग्लंडमध्ये निकोलस पेव्हस्नर यांनी 1951 ते 1974 या काळात 46 खंडांत देशभरातील वास्तूंची जी नोंद प्रसिद्ध केली, तिच्यात राजवाड्यांबरोबर खेड्यांतल्या लहान चर्चनाही तितक्याच गांभीर्याने जागा मिळाली. आपल्याकडे राजांच्या वंशावळी जुळवण्यात विद्वानांनी अपार कष्ट घेतले. गावच्या देवळाची भिंत वाचण्याचे काम मात्र मागे राहिले.

या देवळांचा काळ समजण्यासाठी कलचुरी घराण्याची थोडी माहिती आवश्यक आहे. जबलपूरजवळील त्रिपुरी येथे राज्य करणाऱ्या कलचुरींची, म्हणजेच हैहयवंशी राजांची, एक शाखा इसवी सन 1000 च्या सुमारास दक्षिण कोसलात आली. आजच्या छत्तीसगडचा मोठा भाग म्हणजेच त्या काळचा दक्षिण कोसल. कलिंगराजाने तुम्माण येथे आणि पुढे पहिल्या रत्नदेवाने रतनपूर येथे राजधानी केली. चौदाव्या शतकात या घराण्याची आणखी एक पाती फुटून रायपूरकडे स्थिरावली. परंपरेनुसार शिवनाथ नदीच्या उत्तरेकडील अठरा गड रतनपूरच्या आणि दक्षिणेकडील अठरा गड रायपूरच्या वाट्याला आले. रायपूर शाखेतील सिंहण राजाने शत्रूचे अठरा गड जिंकल्याचा उल्लेख खल्लारीच्या शिलालेखात येतो, हे या परंपरेच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. सिंहणाचा पुत्र रामचंद्र आणि रामचंद्राचा पुत्र हरिब्रह्मदेव किंवा ब्रह्मदेव. याच शेवटच्या राजाच्या कारकिर्दीत हाटकेश्वर व खल्लारी येथील देवळे उभी राहिली. देवबलोद्याचे मंदिर त्याहून जुने असून ते सर्वसाधारणपणे तेराव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते.

देवबलोदा हे गाव चरोदा येथील विस्तीर्ण रेल्वे यार्डाच्या शेजारी आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याने या पट्ट्याचे रूप पार बदलले, तरी वालुकाश्मात बांधलेले हे पूर्वाभिमुख शिवमंदिर आपल्या जागी टिकून आहे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. त्याची मांडणी साधी आहे. देवतेचे गर्भगृह, त्याच्या पुढे खांबांवर तोललेला मंडप आणि या दोहोंना जोडणारा अरुंद भाग, ज्याला अंतराळ म्हणतात, एवढ्यावर मंदिर पूर्ण होते. प्रदक्षिणेसाठी आतून वेगळा मार्ग किंवा भोवती उपमंदिरांचा पसारा येथे नाही. मंडपातून गर्भगृहात जाताना पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, त्या उतराव्या लागतात. शिवलिंग मंडपाच्या जमिनीपेक्षा खालच्या पातळीवर आहे. मराठी वाचकाला ही योजना अपरिचित नाही. शके 982 म्हणजे इसवी सन 1060 मध्ये शिलाहारांच्या काळात बांधलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात मंडपातून अशाच पायऱ्या उतरून गर्भगृहात जावे लागते, आणि तेथील उतार देवबलोद्याहून कितीतरी अधिक खोल आहे.

मंडप नवरंग पद्धतीचा आहे. चौरस जागेच्या मध्यभागी चार खांब उभे केले, की छताचे आपोआप नऊ खण पडतात: मधला एक, चार बाजूंचे चार आणि चार कोपऱ्यांचे चार. या नऊ खणांच्या रचनेला नवरंग म्हणतात. मध्ययुगीन मंदिर-कारागिराने कमान टाळून खांब, तुळई आणि फरशी यांवरच छत पेलले असल्यामुळे एका खणाची रुंदी दगडी तुळईच्या ताकदीपलीकडे नेता येत नसे. दगड दाब उत्तम सोसतो, पण वाकला की तडकतो. त्यामुळे मोठा चौक झाकायचा तर त्याच्या चारही कोपऱ्यांवर तिरके दगड टाकून उघडी जागा लहान करायची, त्यावर पुन्हा तिरके दगड टाकून ती आणखी लहान करायची आणि शेवटी मध्ये उरलेल्या चौकोनावर एकच शिळा ठेवायची, ही युक्ती देशभरातील सूत्रधारांनी वापरली. सूत्रधार म्हणजे मोजणीची दोरी हाती असलेला मुख्य कारागीर. विदर्भातील आणि मराठवाड्यातील हेमाडपंती देवळांत मान वर करून पाहणाऱ्याला एकावर एक फिरत गेलेले चौकोन दिसतात, ते याच गणिताचे फळ आहे.

बाहेरील भिंतीकडे वळल्यास देवबलोद्याचे स्वतःचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. मंदिराची भिंत तळापासून वर वाचत जायची असते. सर्वांत खाली जोते, ज्याला शिल्पग्रंथांत पीठ किंवा अधिष्ठान म्हटले आहे; त्यावर मूर्तींनी भरलेला उभा भाग म्हणजे जंघा; त्यावर छज्जासारखी पुढे आलेली कपोताची कड आणि त्यानंतर शिखराचा आरंभ. या भिंतीवर हत्तींच्या रांगा आहेत, शैव देवतांच्या मूर्ती आहेत, नर्तक आणि वादक आहेत. त्यांच्या शेजारी शिकारीची दृश्ये आणि एकमेकांना भिडलेले बैलही कोरलेले आहेत. देवतांच्या मूर्ती घडवताना कारागीर शास्त्राने बांधलेला असतो, कारण हातांची संख्या, आयुधे आणि वाहन ठरलेले असते; शिकारीच्या किंवा झुंजीच्या दृश्यात मात्र त्याचा हात मोकळा सुटतो. झुंजीतल्या बैलाने खाली घातलेली मान, पुढे ताणलेले खांदे आणि मागच्या पायांवर पडलेला भार हे सारे रोज बैलांमध्ये वावरणाऱ्यालाच दिसणारे आहे. पुस्तकी मूर्तिशास्त्र अशा शिल्पांना दुय्यम लेखते. गावाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे मोल देवतामूर्तींपेक्षा कमी मानू नये, असे या विवेचनाचे निश्चित मत आहे.

मंदिरालगत पायऱ्यांचे कुंड आहे. छत्तीसगडमध्ये देऊळ आणि पाणी ही जोडी क्वचितच तुटते. रतनपूर आणि रायपूर ही दोन्ही जुनी शहरे तलावांची म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि खेड्यातही तलावाच्या पाळीवर देऊळ असणे ही नित्याची गोष्ट आहे. भातशेतीच्या या प्रदेशात पावसाळ्यानंतरचे पाणी साठवणे हा जगण्याचा प्रश्न असल्यामुळे ज्याने तलाव खोदला त्याचे पुण्य देऊळ बांधणाऱ्याइतकेच मानले गेले, आणि अनेकदा या दोन्ही गोष्टी एकाच दात्याच्या हातून झाल्या. कुंडाचा अभ्यास मंदिरापासून वेगळा काढला, तर वास्तूचा अर्धा हेतू हातातून निसटतो.

देवबलोद्याच्या मंदिराला आज शिखर नाही, आणि लोकपरंपरेने त्याचे कारण कथेच्या रूपात जपले आहे. हे मंदिर सहा महिन्यांच्या एका दीर्घ रात्रीत बांधले गेले, कामात गढून गेलेल्या कारागिराला अंगावरच्या वस्त्राचेही भान नव्हते, त्याची पत्नी रोज जेवण आणीत असे; एके दिवशी तिच्याऐवजी बहीण आली, लाजेने कारागिराने वरून कुंडात उडी घेतली आणि शिखर अपुरे राहिले, असे ही कथा सांगते. कुंडातून निघालेला भुयारी मार्ग त्याला आरंगपर्यंत घेऊन गेला, अशी पुस्तीही तिला जोडली जाते. महाराष्ट्रात पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधले आणि कोंबडा आरवल्यामुळे ते अपुरे सोडले, ही कथा कितीतरी हेमाडपंती देवळांबद्दल सांगतात. अंबरनाथही तिला अपवाद नाही, आणि अंबरनाथच्या गर्भगृहावरही आज पूर्ण शिखर नाही. अशा कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नाहीत, तरी त्या सोडून देणेही चुकीचे ठरेल. शिखर हे मंदिराचे सर्वांत शेवटचे, सर्वांत उंच आणि सर्वांत खर्चिक काम. दात्याचा मृत्यू, युद्ध, दुष्काळ किंवा केवळ पैशाची टंचाई यांपैकी काहीही झाले तरी पहिली कुऱ्हाड शिखरावर पडते, आणि ते पूर्ण झालेच तर वीज व भूकंप यांचा तडाखाही प्रथम त्यालाच बसतो. गावाला अपुरेपण दिसत होते, कारण आठवत नव्हते. कथेने ती जागा भरून काढली. शिवाय या कथेचा नायक राजा नसून कारागीर आहे, आणि ज्या कारागिरांची नावे बहुतेक ठिकाणी कायमची पुसली गेली त्यांचे स्मरण लोकांनी या एकाच मार्गाने ठेवले.

देवबलोद्याच्या दात्याचे नाव सांगता येत नाही. हाटकेश्वर आणि खल्लारी यांच्या बाबतीत मात्र शिलालेख बोलतात. विक्रम संवत 1458 म्हणजे इसवी सन 1402 च्या रायपूर शिलालेखात ब्रह्मदेवाच्या कारकिर्दीत नायक हाजिराज याने हाटकेश्वराचे मंदिर बांधल्याचे नमूद आहे. नायक हा राजा नव्हे, तर राजसत्तेशी जोडलेला अधिकारी किंवा प्रतिष्ठित पुरुष. खारूनकाठच्या महादेव घाटावरील आजचे मंदिर पुढील काळातील दुरुस्त्या, भर आणि रंगकाम यांनी इतके बदलले आहे, की मूळ रचना शोधताना अभ्यासकाला फार सावध राहावे लागते. परंतु त्या ठिकाणी पूजा अखंड चालू आहे, आणि कार्तिक पौर्णिमेच्या मेळ्याला आसपासच्या खेड्यांतून येणारी माणसे पाहिली म्हणजे लहान देऊळ वस्तीला कसे बांधून ठेवते, याची कल्पना येते.

खल्लारीचा शिलालेख या सर्वांत अधिक महत्त्वाचा आहे. विक्रम संवत 1470, माघ शुद्ध नवमी, शनिवार हा त्याचा काळ असून गणिताने तो 19 जानेवारी 1415 या दिवशी येतो. दामोदर मिश्र याने रचलेल्या या संस्कृत लेखात प्रथम हैहय राजांची स्तुती येते, खल्वाटिका या नगरीचे वर्णन येते, आणि त्यानंतर मंदिर बांधणाऱ्याची ओळख करून दिली जाते. त्याचे नाव देवपाल, वडिलांचे शिवदास, आजोबांचे जसौ. आणि त्याचा व्यवसाय मोची. या मोच्याने नारायणाचे मंदिर मंडपासह बांधले. भारतातील मध्ययुगीन मंदिरांच्या दानलेखांत राजे, राण्या, मंत्री, सेनापती, व्यापारी आणि श्रेणी म्हणजे व्यावसायिकांच्या संघटना यांची नावे पुष्कळ येतात. चामड्याचे काम करणाऱ्या माणसाचे नाव, त्याच्या तीन पिढ्यांसह, राजाच्या वंशावळीखाली आणि त्याच शिळेवर कोरलेले सापडणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे.

मराठी वाचकाला येथे चोखोबांची आठवण होणे स्वाभाविक आहे. चोखामेळा यांचा मृत्यू 1338 मध्ये मंगळवेढ्याला झाला आणि त्यांची समाधी पंढरपुरात विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे. त्यानंतर अवघ्या 77 वर्षांनी छत्तीसगडमध्ये एक मोची विष्णूचे मंदिर उभारतो आणि ब्राह्मण कवी त्याची प्रशस्ती रचतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवून महाराष्ट्र सनातनी आणि छत्तीसगड उदार, असा सरधोपट निष्कर्ष काढणे मात्र अयोग्य होईल. त्या देवळात पूजा कोण करीत असे, गर्भगृहापर्यंत कोणाला प्रवेश होता, खुद्द देवपाल मंडपात उभा राहत होता की पायरीशी, यांबद्दल शिलालेख काहीही बोलत नाही. तो एवढेच सांगतो, की एका मोच्याकडे मंदिर बांधण्याइतके धन होते, ती इच्छा होती, आणि राजसत्तेने व विद्वानांनी त्याचे नाव दगडावर येऊ दिले. सामाजिक इतिहासासाठी एवढेही पुष्कळ आहे. राजिम येथे तेलीण समाजातील राजिम हिच्या नावाने सांगितली जाणारी भक्तिकथा आणि तेथील राजिम तेलीण मंदिर हेही याच प्रदेशातील आहेत. एक परंपरा शिळेवरची, दुसरी लोकांच्या तोंडची. परंतु कष्टकरी जातींनी या भागात देवस्थानांच्या घडणीत भाग घेतला, ही जाणीव दोन्हींत समान आहे.

महाराष्ट्राचा आणि या देवळांचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपूर घेतले आणि 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून छत्तीसगडचा कारभार केला. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर त्यांच्याच काळचे. पुढे इंग्रजी अमलात हा प्रदेश मध्य प्रांतात आला आणि 1956 पर्यंत त्याची राजधानी नागपूर होती. कलचुरींच्या शिलालेखांचा मूलभूत अभ्यासही नागपुरातच सिद्धीस गेला. सिंधुदुर्गातील कुवळे गावी 1893 मध्ये जन्मलेले महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताचा आरंभ निश्चित केला आणि 1955 मध्ये या घराण्याच्या लेखांचा बृहत्संग्रह दोन भागांत प्रसिद्ध केला, ज्यात रायपूर व खल्लारी येथील लेखही समाविष्ट आहेत. त्यांच्याआधी कीलहॉर्न यांनी खल्लारीचा लेख संपादित केला होता, आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातील लेखांची सूची तयार केली होती. या विद्वानांनी अक्षरे वाचली, तिथ्या तपासल्या, वंशावळी लावल्या. त्यांच्या कामाशिवाय देवपालाचे नावही आज कोणाला माहीत नसते. त्यांच्या हातून वास्तू म्हणून या देवळांची तपशीलवार मापे घेणे, दगडांचे थर नोंदणे, नंतरची भर वेगळी करणे हे काम झाले नाही, आणि ते त्यांचे कामही नव्हते.

ते काम आता तातडीचे झाले आहे. संरक्षित यादीत असलेल्या देवबलोद्यासारख्या मंदिरांची निगा राखली जाते. यादीबाहेरच्या शेकडो लहान देवळांचे भवितव्य गावाच्या श्रद्धेवर आणि वर्गणीवर अवलंबून आहे. श्रद्धा जितकी जिवंत, तितका जीर्णोद्धाराचा उत्साह मोठा. त्या उत्साहात जुन्या द्वारशाखेवर, म्हणजे गर्भगृहाच्या दाराच्या कोरीव चौकटीवर, तैलरंगाचे थर चढतात, मंडपाच्या जमिनीवर चकचकीत फरशी बसते, जंघेवरील झिजलेल्या मूर्ती सिमेंटने नव्याने घडवल्या जातात आणि तुटलेल्या शिखराच्या जागी काँक्रीटचा कळस येतो. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. गावाला देव नीट राहावा असे वाटते आणि जवळ असलेला गवंडी त्याला येते तेच काम करतो. दोष असलाच तर तो जाणकारांचा आहे, कारण चुन्याचा गिलावा दगडाला श्वास घेऊ देतो आणि सिमेंटचा देत नाही, पाणी आत अडकून वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात, ही साधी गोष्ट त्यांनी गावापर्यंत पोहोचवली नाही.

यापुढील प्रकरणे वाचताना वाचकाने प्रत्येक देवळाजवळ थांबून काही गोष्टी स्वतः पाहाव्यात, अशी अपेक्षा आहे: जोत्याचे थर सलग आहेत की मध्येच बदलतात, उंबरठा मूळचा आहे का, अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी प्रणालिका कोणत्या बाजूला निघते, जवळ विहीर, कुंड किंवा तलाव आहे का, आणि आवारात झाडाखाली कोणत्या सुट्या मूर्ती मांडून ठेवल्या आहेत. रायपूर, दुर्ग, बिलासपूर आणि नागपूर येथील मराठी व छत्तीसगडी तरुणांनी आपापल्या गावच्या एका देवळाचा आराखडा, मापे आणि छायाचित्रे एवढे जरी जमवले, तरी या विषयाला आज नसलेला पाया मिळेल. आणि एखाद्या ठिकाणी रंगरंगोटी निघालेली असेल, तर तिच्या आधी त्या भिंतीवर आणि उंबरठ्यावर कोठे अक्षरे आहेत का, हे पाहून घ्यावे आणि रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयाला किंवा पुरातत्त्व खात्याच्या जवळच्या कार्यालयाला कळवावे, अशी प्रत्येक वाचकाला आग्रहाची विनंती आहे.